सपाट मुलखाचा इतिहास : शहापूर ते शहापूर, चार दिवस

आजचा थ्रेड लांबला आहे. निवांत वेळ असेल तेव्हाच वाचायला घ्यावा.

नात्यातील एक कुटुंब गेल्या वर्षी अमेरिकेच्या प्रेअरीतून तीन आठवडे हिंडून आले. निजणे, रांधणे, पावसात बसून राहणे, सारे एकाच गाडीत. तिकडे अशा गाडीला आरव्ही म्हणतात. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांत ना डोंगरी किल्ले होते, ना राजवाडे. होते ते गवत, क्षितिज, आणि वायोमिंग राज्यातील गर्न्सी गावाजवळ वालुकाश्मात उमटलेल्या खोल चाकोऱ्या. १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत ओरेगॉनकडे निघालेल्या लाखो स्थलांतरितांच्या बैलगाड्यांनी दगड झिजवून त्या पाडल्या. त्या चाकोऱ्यांभोवती आज कुंपण आहे, फलक आहे, आणि त्या पाहण्यासाठी माणसे शेकडो मैल गाडी हाकत येतात.

ही छायाचित्रे शहापूरच्या आमच्या ओसरीवर पाहिली जात असताना घरातील एक महाविद्यालयीन मुलगा म्हणाला, "त्यांच्याकडे निदान चाकोऱ्या तरी आहेत. आपल्या भंडाऱ्यात बघायला काय आहे?"

प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. महाराष्ट्राचा इतिहास म्हटले की डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहतो. रायगड, राजगड, प्रतापगड, फार तर अजिंठा-वेरूळ. वैनगंगेचे खोरे सपाट. भाताच्या बांध्या, तळी, मधूनच एखादी टेकडी. इथल्या तरुणालाच आपला मुलूख इतिहासाबाहेरचा वाटतो, आणि त्याला तसे वाटू देण्यात शाळेच्या पुस्तकांचाही वाटा आहे. म्हणून चुलत्यांच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधील मागची आसने काढली, गाद्या टाकल्या, स्टोव्ह आणि पाण्याची पिंपे चढवली आणि पौषातील थंडीत आम्ही चौघे निघालो. प्रश्न विचारणारा अर्थातच सोबत होता.

पहिली ऐतिहासिक वास्तू घरापासून पन्नास पावलांवर होती : रस्ता. शहापूर हे नागपूर-भंडारा मार्गावरील गाव. आज हा राष्ट्रीय महामार्ग ५३. कालपरवापर्यंत तो ६ क्रमांकाचा होता. इंग्रजी अमदानीत नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणाऱ्या या वाटेला 'ग्रेट ईस्टर्न रोड' हे भारदस्त नाव मिळाले. पण वाट इंग्रजांची नव्हे. त्यांनी खडी टाकली. मळवली ती बंजाऱ्यांच्या बैलांनी.

चाकांवरचे घर आपल्याला परदेशी कल्पना वाटते. घरच सोबत घेऊन चालणारा समाज मात्र याच वाटेवर शतकानुशतके वावरत होता. बंजाऱ्यांच्या तांड्यात बायका, मुले, कुत्री, भांडी, सारे असे आणि पुढे शेकडो, कधी हजारो लादलेले बैल. छत्तीसगडातील धान्य पश्चिमेकडे यावे, मीठ आतल्या मुलखात जावे, ही सारी वाहतूक बैलांच्या पाठीवरून होई. 'लमाण' या नावात 'लवण' दडले आहे असे अनेक अभ्यासक मानतात. १७९० साली डॅनियल रॉबिन्सन लेकी नावाचा इंग्रज कटकहून डोंगरगडमार्गे नागपूरला आला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या शीर्षकातच 'दक्षिण बंजारी घाट' असा उल्लेख आहे. घाटाला नाव राजाचे नाही, वाहतूकदारांचे आहे; मुलखात सत्ता कोणाची आणि वर्दळ कोणाची, हे एका स्थलनामातून कळते. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग झाला, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेतला आणि तांड्यांचा व्यापार मोडला. त्याच्या थोडे आधी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. भटक्या समाजांकडे संशयाने पाहण्याला सरकारी शिक्का मिळाला. प्रेअरीवरही असेच घडले. ज्या चाकोऱ्यांभोवती आज कुंपण आहे त्या एका समाजाच्या आशेच्या खुणा आहेत, तर त्याच भूमीवरील मूळ रहिवाशांच्या विस्थापनाच्याही.

बैलांच्या पाठीवरून वाहतूक झाली, म्हणून आपल्याकडे चाकोऱ्या उरल्या नाहीत. खूर दगड झिजवतात, पण त्याची रेघ उमटत नाही.

भंडाऱ्यात आम्ही तर्री-पोहे खाण्यापुरतेच थांबलो. पण गावाच्या नावाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याच्या प्रभावाखालील प्रदेशांची यादी आहे. तीत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे येतात. वैरागर म्हणजे गडचिरोलीतील वैरागड, लांजिका म्हणजे बालाघाटमधील लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा, असे अभ्यासक मानतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी इथे आले. निळभट्ट भांडारेकर हा त्यांचा अनुयायी याच गावचा. महानुभावांनी पुढे 'स्थानपोथी' रचली. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या झाडाखाली बसले, कोणत्या दिशेला वळले, याची तीत बारकाईने नोंद आहे. भक्तांसाठी लिहिलेली ही पोथी म्हणजे मराठीतील पहिली प्रवासदर्शिका असे मी मानतो. चौदाव्या शतकात आपल्या भाषेत असा ग्रंथ होतो, आणि आपण मात्र ठिकाणे पाहण्याची परंपरा परक्यांकडून शिकलो असे समजतो.

अड्याळमार्गे पवनी. आमच्या प्रवासाचे खरे पहिले ठाणे.

पवनीचे सध्याचे गावच एका प्राचीन नगरावर वसलेले आहे. मातीचा भलामोठा तट, त्याबाहेर खंदक, आणि उरलेल्या बाजूस वैनगंगा. गावात शिरताना आपण तट ओलांडतो आहोत हे कोणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. चढ लागतो, इतकेच. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. गावाबाहेरील जगन्नाथ टेकडी म्हणजे टेकडी नव्हेच, तो विटांचा बौद्ध स्तूप आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीच्या मुख्य स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर आहे. ही दोन्ही माने मी गाडीत शेजारच्या मुलाला वाचून दाखवली, तेव्हा त्याने मोबाइल खाली ठेवला.

या स्तूपाभोवती दगडी कठडा होता. इसवी सनापूर्वीच्या शतकांतील ब्राह्मी अक्षरांत त्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. राजाने एका हुकमाने बांधलेली ही वास्तू नव्हे; अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे एकेक स्तंभ, एकेक आडवी शिळा दिली, तेव्हा हा कठडा उभा राहिला. एका शिल्पावर पाच फणांचा नाग असून त्याखाली त्याचे नावही आहे : मुचरिंद. वादळी पावसात ध्यानस्थ बुद्धावर फणा धरणारा तो हाच, मुचलिंद नाग. नाव सांगितल्यावाचून ओळख पटणार नाही अशी शंका त्या शिल्पकाराला आली असावी. आपल्या फलकांना ती येत नाही.

पवनीतच महाक्षत्रप कुमार रुपियम्म याचा उल्लेख असलेला स्तंभलेख मिळाला आहे आणि भार कुळातील भगदत्त राजाचाही लेख मिळाला आहे. क्षत्रप म्हटले की आपल्याला गुजरात-माळवा आठवतो. तो पदवीधारी वैनगंगेकाठी काय करीत होता, यावर वाद आहेत. वाद आहेत, याचाच अर्थ हे ठिकाण आडबाजूचे नव्हते.

टेकडीवर आज जगन्नाथाचे देऊळ आहे. भाविक येतात, घंटा वाजते, पायांखाली दोन हजार वर्षांच्या विटा आहेत. एका अर्थी या देवळानेच टेकडीला राखले. देवाची जागा कोणी सहसा नांगरत नाही.

इथे सगळ्या मैदानी इतिहासाची मेख आहे. डोंगरी किल्ला ढासळला तरी डोंगर उरतो. मैदानातील नगर ढासळले की त्याची टेकडी होते, टेकडीचे शेत होते, आणि शेत एकदा सपाट केले की नगर कायमचे संपते. मिसिसिपीकाठी सेंट लुईस शहराच्या समोर कहोकिया नावाचे मूलनिवासींचे प्राचीन नगर आहे. तिथला मातीचा सर्वांत उंच ढिगारा सुमारे ३० मीटर असून तो आज जपलेला आहे. नदीपलीकडे, खुद्द सेंट लुईसमध्येही, असे ढिगारे होते. त्या शहराला 'ढिगाऱ्यांचे नगर' म्हणत. त्यांतील सर्वांत मोठा १८६९ पर्यंत खणून नाहीसा केला गेला. माती रेल्वेच्या भरावाला गेली. आपल्याकडे हडप्पाच्या विटा लाहोर-मुलतान लोहमार्गाखाली गेल्या, त्याला तेव्हा जेमतेम दशक लोटले होते. रिकाम्या मातीला किंमत नसते, भरावाच्या मातीला असते. वैनगंगेच्या खोऱ्यात रस्ते, कालवे, वीटभट्ट्या सगळीकडे आहेत. कोणत्या गावाची 'रिठी' यंदा सपाट झाली याची यादी कोणी ठेवत नाही.

रिठी हा शब्द मुलाला ठाऊक नव्हता. ओसाड पडलेल्या गावाची जागा म्हणजे रिठी; सातबाऱ्यात आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे. तो कानी पडला की थांबावे, चौकशी करावी. खापरे दिसली तर पाहावीत, छायाचित्र घ्यावे आणि जिथल्या तिथे ठेवावीत. खिशात घातलेले खापर हे नुसते खापर असते. जागेवरचे खापर हा पुरावा असतो.

दुसरा दिवस पाण्याचा. गोसीखुर्द धरणाची भिंत पाहून आम्ही जलाशयाच्या कडेकडेने अंभोऱ्याला गेलो. या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्या पाण्यासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. पुनर्वसन वसाहतींत घराघरांतून जुन्या गावाचे नाव अजून पाटीवर आहे. अंभोऱ्याला चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजाचे आजेगुरू हरिनाथ यांची समाधी इथे दाखवतात. मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' शके १११० मधील, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. तो अंभोऱ्यास लिहिला गेला की मराठवाड्यातील अंबेजोगाईस, हा जुना वाद आहे. विदर्भाचा असूनही मी यात निकाल देणार नाही. ग्रंथात वैनगंगेचा उल्लेख येतो, हे अंभोऱ्याच्या बाजूचे बलवान प्रमाण आहे, एवढेच म्हणतो. देवळापुढील पाणी आता नदीचे नाही, जलाशयाचे आहे. संगम डोळ्यांनी शोधावा लागतो.

कुही तालुक्यातील मांढळ आणि अडम ही दोन गावे दुपारी झाली. दोन्ही ठिकाणी पाहण्यासारखे जवळजवळ काही नाही, आणि तरीही चारही दिवसांत मी सर्वांत अधिक बोललो तो इथेच. अडमला अमरेंद्र नाथ यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन केले. तटबंदीचे नगर, नाण्यांचे प्रचंड साठे आणि एक इवलीशी मातीची मुद्रा : 'असक जनपदस'. अश्मक जनपदाची. बुद्धकालीन सोळा महाजनपदांतील हे एकच दक्षिणेतील, आणि ते गोदावरीकाठचे म्हणून आपण शिकतो. ही मुद्रा वैनगंगेच्या खोऱ्यात निघाली. कोणी माल बांधून त्यावर ठोकली असेल तर ती दुरूनही आलेली असू शकते. म्हणून एका मुद्रेवर राज्याची सीमा हलवू नये. पण तो माल अडमला उतरला होता, हे तरी खरे.

मांढळला नागपूर विद्यापीठाने अजय मित्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात खोदकाम केले. वाकाटककालीन देवळांचे अवशेष, अनेक मुखांच्या विलक्षण शैव मूर्ती आणि ताम्रपट हाती आले. त्या मूर्ती आज नागपुरात विद्यापीठाच्या संग्रही आहेत. मांढळमध्ये मांढळच्या इतिहासाचा कागद नाही, आणि मूर्ती उघड्यावर राहिल्या असत्या तर कदाचित मूर्तीही राहिल्या नसत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यांतील एक निवडणे मला जमलेले नाही.

रात्री रामटेकच्या पायथ्याशी गाडी लावली. काच धुक्याने भरली होती. स्टोव्हवर लाखोळीची डाळ शिजत असताना मुलाने विचारले, "वाकाटक म्हणजे अजिंठ्याचे ना?" हा गैरसमज सार्वत्रिक आहे. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांशी ज्या हरिषेणाचे नाव जोडले जाते तो वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथील शाखेचा. दुसरी, थोरली शाखा याच मुलखात राज्य करीत होती. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकखालचे नगरधन.

नगरधनला आज दिसणारी तटबंदी पुष्कळ अलीकडची, भोसलेकालीन. जुने नगर तिच्या भोवती आणि खाली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी इथून एका स्त्रीने राज्य चालवले. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पती अकाली गेला, मुले लहान. तिचा एक ताम्रपट युवराज दिवाकरसेनाच्या तेराव्या वर्षातील आहे. तेरा वर्षे लोटली, मुलगा अजून युवराजच आणि दानपत्र आईच्या नावे! त्यात ती आधी वडिलांची, गुप्तांची वंशावळ देते. गोत्रही माहेरचे, धारण, सांगते. सासरचे विष्णुवृद्ध गोत्र ती वापरीत नाही. नंदिवर्धनाहून दिलेला हा ताम्रपट उजेडात आला तो पुण्यात, म्हणून अभ्यासक त्याला 'पुणे ताम्रपट' म्हणतात. नगरधनच्या राणीच्या शासनाला नाव मिळाले ते पुण्याचे.

मात्र गेल्या दशकात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला पुन्हा उत्खनन केले. तेव्हा मातीची एक लंबगोल मुद्रा निघाली. तिच्यावर शंख आहे आणि प्रभावतीगुप्तेचे नाव. पंधरा-सोळाशे वर्षांनी राणीची सही राणीच्याच गावात सापडली. ज्या ठिकाणी नंदिवर्धन असावे असे विद्वान ताम्रपटांवरून अनुमान करीत होते, तिथे तिने स्वतः हजेरी लावली.

रामटेक, म्हणजे ताम्रपटांतील रामगिरी, थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा. केवल नरसिंह मंदिरातील झिजलेला लेख मात्र चुकवू नका. अनेक अभ्यासकांच्या मते प्रभावतीच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ केलेल्या धर्मकार्याची ती नोंद आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आहे. त्याने राजधानी हलवून प्रवरपूर वसवले. ते कोठे होते? वा. वि. मिराशी यांनी वर्ध्याजवळचे पवनार सुचवले. पुढे रामटेकपासून काही किलोमीटरवरील मनसरच्या हिडिंबा टेकडीचे उत्खनन झाले आणि विटांची भव्य बांधकामे उघडी पडली. तेव्हापासून अनेक जण मनसरच्या बाजूने झुकले. मनसरच्या उत्खननाचे एक प्रमुख पुन्हा जगत्पती जोशी, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी पवनी खणली होती. इथेच १९७२ मध्ये मिळालेली शिवाची हसरी, ठेंगणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टेकडीवरून जबलपूरचा महामार्ग दिसतो. दगडी पायऱ्या नाहीत, विटा आहेत; आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीच्या. मुलगा त्यांच्याशेजारी हात ठेवून मोजत बसला.

चौथ्या दिवशी तुमसरमार्गे आंबागड. चार दिवसांतील हा एकच किल्ला, जो किल्ल्यासारखा दिसतो. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या पदरी असलेल्या राजा खान पठाणाने तो १७०० च्या सुमारास बांधला. भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. बुरुजावरून खाली पाहिले की गोंडकाळाची अधिक मोठी वास्तू दिसते : तळी. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने या मुलखात शेकडो तलाव बांधले, ज्यांवर भातशेती उभी राहिली. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री ते झाले 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. गाळ साचला, पाळी फुटल्या, तरी पुष्कळ अजून शेताला पाणी देतात. आंबागडाला राज्याचे संरक्षण आहे. तलावाला ऐतिहासिक वास्तू म्हणण्याची रीत अजून पडलेली नाही.

परतताना वरठीला रेल्वेच्या फाटकात पाऊण तास गेला. मालगाडी छत्तीसगडहून येत होती, डब्यांमागून डबे. मुलगा डबे मोजत होता, अठ्ठावन्नपर्यंत पोहोचला आणि म्हणाला, "हा पण तांडाच की."

शहापूरला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. गाडी अंगणात लावली. गाद्या अजून काढलेल्या नाहीत. वैरागड आणि भांदक राहिले आहेत.